टाळ्यांचा शेवट : ड्रम कोअर प्रयोगातील समारोपाची रचना आणि लोकरंजनाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

कोणत्याही प्रयोगरूप कलेत शेवटाला विशेष महत्त्व असते. भरताच्या नाट्यशास्त्राने पाच संधींमध्ये निर्वहण संधीला स्वतंत्र स्थान दिले. मुख, प्रतिमुख, गर्भ आणि विमर्श या संधींतून विखुरलेली बीजे निर्वहणात एकत्र आणली जावीत, अशी त्यामागील अपेक्षा आहे. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत भैरवीचे आणि तबल्याच्या वादनात तिहाईचे स्थानही असेच आहे. शेवट कसा असावा याविषयी परंपरेने इतका विचार केलेला असला, तरी प्रेक्षकांना उभे राहून टाळ्या वाजवायला लावणाऱ्या शेवटाकडे समीक्षा बहुधा संशयाने पाहते. ‘पिटातल्या प्रेक्षकांसाठी केलेले’ हा मराठी नाट्यसमीक्षेतील शेरा या संशयाचे नेमके उदाहरण होय.

हा संशय कितपत योग्य आहे, याची तपासणी करण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ड्रम कोअर या मैदानी वाद्यकलेची निवड केली आहे. या कलेत प्रेक्षकांना जिंकणारा शेवट ही उघडपणे मान्य केलेली गरज आहे. त्याची आखणी महिनोन्‌महिने चालते, त्याला गुण दिले जातात आणि हजारो प्रेक्षकांचा निवाडा त्याच क्षणी ऐकू येतो. त्यामुळे लोकरंजन आणि कलात्मकता यांचा संबंध येथे जितका स्पष्ट दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसतो. ड्रम कोअरमधील काही प्रसिद्ध शेवटांची चिकित्सा करून लोकरंजन आणि लोकानुनय यांतील भेद निश्चित करणे, हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. ड्रम कोअर : स्वरूप आणि परंपरा

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वजपथक यांचा संचलन करीत सादरीकरण करणारा संघ. त्यात बासरी, क्लॅरिनेट यांसारखी काष्ठवाद्ये नसतात. आज पहिल्या श्रेणीच्या संघात दीडशेहून अधिक तरुण कलावंत असतात. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकसंध प्रयोग करणे हे त्यांचे वर्षभराचे कार्य असते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी या पथकांना आश्रय दिला. १९७१ मध्ये प्रमुख संघांनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था स्थापन केली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम किंग्समेन हा संघ तेथे विजयी ठरला. २००९ पासून ही स्पर्धा इंडियानापोलिस येथील आच्छादित क्रीडागृहाशी जोडली गेली आहे.

या कलेचे लष्करी मूळ तिच्या शेवटाच्या इतिहासातही दिसते. जुन्या प्रयोगांत संघ मैदानाच्या एका टोकाकडील रेषेवरून आत येई, राष्ट्रध्वजाला मानवंदना देई, मध्यभागी उभा राहून एक रचना वाजवी आणि दुसऱ्या टोकाकडील रेषा ओलांडून बाहेर पडे. शेवट म्हणजे निघून जाणे, असा त्याचा अर्थ होता. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीट सोहळ्याचा शेवट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना सहज समजेल. ‘सारे जहाँ से अच्छा’च्या सुरावटीवर पथके पाठ फिरवून दूर जातात आणि त्या दूर जाण्यातच सोहळ्याचे गांभीर्य साठवलेले असते.

सत्तरच्या दशकात ड्रम कोअरमधील प्रवेश आणि निर्गमन यांविषयीचे संकेत क्रमाक्रमाने सैल झाले आणि शेवट मैदानाच्या मध्यावर, प्रेक्षकांसमोर होऊ लागला. हा बदल केवळ दिशेचा नव्हता. निघून जाणाऱ्या पथकाला प्रेक्षकाच्या प्रतिसादाची वाट पाहावी लागत नाही. समोर येऊन थांबणाऱ्या पथकाला मात्र ती पाहावीच लागते. ज्या दिवशी संघ मैदानातून बाहेर न पडता प्रेक्षकासमोर उभा राहिला, त्या दिवशी टाळ्या हा रचनेचा भाग झाला असे म्हणता येते.

३. शेवटाची अंगे

प्रेक्षकाला उठवणाऱ्या शेवटाची काही अंगे अनेक दशकांच्या अनुभवातून रूढ झाली आहेत. त्यांचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिले अंग परतीचे. प्रयोगाच्या आरंभी ऐकवलेली सुरावट शेवटी अधिक भरदार स्वररचनेसह परत येते. अनेकदा ती अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने वर चढवलेली असते. श्रोत्याला ती ओळखीची वाटते आणि तरीही ती पूर्वीपेक्षा उंच जागेवरून ऐकू येते.

दुसरे अंग सामोरे येण्याचे. पितळी वाद्यांची तोंडे ज्या दिशेला असतात त्या दिशेला ध्वनी प्रामुख्याने जातो. प्रयोगाच्या मधल्या भागात वादक पाठमोरे किंवा तिरपे ठेवून ध्वनी राखून ठेवला जातो. शेवटी सर्व वाद्ये एकाच वेळी प्रेक्षकांकडे वळतात. पूर्ण संघ एका सरळ रेषेत पुढे येतो तेव्हा डोळ्यांना भिंत सरकत आल्यासारखी वाटते आणि कानांना ध्वनी अंगावर आल्यासारखा वाटतो.

तिसरे अंग निःशब्दतेचे. अखेरच्या स्वरसंघाच्या आधी क्षणभर सर्व काही थांबते. हा विराम फार लहान असतो, परंतु अनुभवी रचनाकार त्याची लांबी शेवटच्या स्वराइतक्याच काळजीने ठरवतात. चौथे अंग रंगाचे आहे. ध्वजपथक शेवटासाठी राखून ठेवलेले नवे ध्वज बाहेर काढते आणि मैदानाचा रंग एका क्षणात बदलतो.

पाचवे अंग भौतिकशास्त्राशी संबंधित आहे आणि बाहेरच्या निरीक्षकाच्या ते सहसा लक्षात येत नाही. फुटबॉलच्या मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर आणि दोन गोलरेषांमधील लांबी सुमारे ९१ मीटर असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने मैदानाच्या मागील कडेवरील वादकाचा स्वर पुढील कडेपर्यंत यायला ०.१४ सेकंद लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ०.३३ सेकंदाचा असतो. म्हणजे मागच्या आणि पुढच्या वादकाने समोर दिसणाऱ्या एकाच खुणेवर अचूक वाजवले, तरी प्रेक्षकाला त्यांच्या स्वरांत ठोक्याच्या दोन-पंचमांशाहून अधिक अंतर ऐकू येईल. यावर उपाय म्हणून पुढील वादकांना मागील तालवाद्यांचा ध्वनी कानावर पडल्यावर त्याबरोबर वाजवण्याची सवय लावली जाते. शेवटची आकृती बहुधा मैदानाच्या मध्याजवळ दाटीने का रचली जाते, याचे एक कारण येथे सापडते. विस्तीर्ण पसरलेला शेवट दिसायला भव्य असतो, परंतु तो ऐकायला फाटतो.

याशिवाय थकव्याचाही विचार करावा लागतो. दहा किलोहून अधिक वजनाचा ट्यूबा खांद्यावर घेऊन दहा मिनिटे धावपळ केलेल्या वादकाकडून सर्वांत मोठा आणि सर्वांत स्थिर स्वर अपेक्षित असतो तो अखेरीस. म्हणून बहुतेक शेवटांत पाय रोखून, छाती समोर करून वाजवण्याची जागा ठेवलेली असते. प्रेक्षकाला ती विजयाची मुद्रा वाटते. वादकासाठी ती श्वास घेण्याची सोय असते. एकाच कृतीला असे दोन अर्थ असणे हे चांगल्या प्रयोगरचनेचे लक्षण मानावे लागेल.

मात्र ही सर्व अंगे जमवली म्हणजे शेवट साधला, असे होत नाही. तसे असते तर प्रत्येक संघाचा शेवट सारखाच परिणामकारक ठरला असता. म्हणून अंगांच्या पलीकडे जाऊन शेवटाच्या न्यायाचा, म्हणजे तो त्या विशिष्ट प्रयोगातून कसा निष्पन्न होतो याचा, विचार करणे क्रमप्राप्त आहे.

४. परीक्षक आणि प्रेक्षक

त्याआधी गुणदानाची व्यवस्था लक्षात घेतली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सादरीकरणातील अचूकतेचे परीक्षण वजाबाकीच्या पद्धतीने होई. प्रत्येक दिसलेल्या किंवा ऐकू आलेल्या चुकीसाठी एक दशांश गुण कापला जाई. १९८४ पासून ही पद्धत बंद झाली आणि जे साधले त्याचे मूल्य मोजणारी पद्धत आली. पुढे रूढ झालेल्या रचनेनुसार एकूण १०० गुणांपैकी ४० गुण सर्वसाधारण परिणामासाठी, ३० संगीतासाठी आणि ३० दृश्य अंगासाठी असतात.

या बदलाचा शेवटाशी जवळचा संबंध आहे. चुका मोजणाऱ्या व्यवस्थेत थकलेल्या क्षणी कठीण काही करणे हे नुकसानीचे असते. परिणाम मोजणाऱ्या व्यवस्थेत तेच धाडस लाभाचे ठरू शकते. परंतु ‘परिणाम’ हा शब्द वाटतो तितका साधा नाही. परीक्षकाने नोंदवायचा परिणाम हा प्रेक्षकांच्या आवाजाचे मोजमाप नसतो. संकल्पनेची समृद्धी, तिची संगती, बौद्धिक, भावनिक आणि सौंदर्यात्मक गुंतवणूक या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यामुळे प्रेक्षक एका संघासाठी उभे राहतात आणि सुवर्णपदक दुसऱ्याच संघाला मिळते, असा प्रसंग या क्षेत्रात वारंवार येतो. परीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील या फटीतच शेवटाचा खरा प्रश्न दडलेला आहे.

५. काही शेवटांची चिकित्सा

अ) मॅडिसन स्काउट्स, १९८८. विस्कॉन्सिनमधील हा संघ १९३८ मध्ये स्थापन झाला. प्रेक्षकांचा लाडका संघ अशी त्याची ख्याती होती. १९८८ मध्ये कॅन्सस सिटी येथे त्याने अजिंक्यपद मिळवले. क्युबन संगीतकार अर्नेस्तो लेकुओना यांची ‘मालागेन्या’ ही रचना त्या प्रयोगाचा कळस होती. मूळ पियानोसाठी लिहिलेली ही रचना स्टॅन केंटन यांच्या जाझ वाद्यवृंदामुळे पितळी वाद्यांच्या जगात लोकप्रिय झाली होती.

या शेवटाचे यश केवळ प्रचंड आवाजाला देणे सोपे आहे. परंतु रचनेकडे पाहिल्यास वेगळे कारण दिसते. ‘मालागेन्या’ ज्या आंदालुसियन वळणावर उभी आहे, त्यात चार स्वरसंघ पायरी-पायरीने खाली उतरतात. एकदा ऐकल्यावर हे उतरणे कोणत्याही श्रोत्याला समजते, त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. प्रत्येक आवर्तनात श्रोता पुढच्या पायरीची वाट पाहतो आणि रचना ती पायरी कधी लांबवते, कधी अलंकृत करते. तबल्याच्या तिहाईत हेच घडते. बोलांची पहिली आवृत्ती होताच जाणता श्रोता मनात हिशेब मांडू लागतो आणि तिसऱ्या आवृत्तीच्या अखेरीस सम येते तेव्हा त्याची मान आपोआप हलते. त्याला मिळणारा आनंद अनपेक्षिताचा नसून स्वतः केलेला हिशेब बरोबर आल्याचा असतो. मॅडिसनच्या शेवटाने अशाच हिशेबात संपूर्ण क्रीडागृहाला सहभागी करून घेतले.

याच संघाने १९९५ मध्ये आपल्या प्रयोगाला ड्रम कोअरच्या चाहत्यांचे स्वप्न अशा अर्थाचे नाव दिले. तेथे प्रेक्षक हा उघडपणे प्रयोगाचा विषय झाला. तो प्रयोग चाहत्यांच्या स्मरणात राहिला, विजेतेपद मात्र मिळाले नाही. येथे एक मर्यादा दिसते. प्रेक्षकाला काय आवडते हेच प्रयोगाचे आशयसूत्र झाले की शेवटाला स्वतःचे असे सांगण्यासारखे फारसे उरत नाही. उत्साह टिकतो, पण तो उत्साह कशाविषयीचा आहे हे सांगता येत नाही.

आ) स्टार ऑफ इंडियाना, १९९१ आणि १९९३. ब्लूमिंग्टन येथील या संघाची कारकीर्द जेमतेम नऊ हंगामांची. तरीही शेवटाच्या चर्चेत त्याचे स्थान मोलाचे आहे, कारण दोन वर्षांच्या अंतराने त्याने दोन विरुद्ध टोकांचे प्रयोग केले.

१९९१ मध्ये ओतोरिनो रेस्पिगी यांच्या रोमविषयक रचनांवर आधारलेला प्रयोग करून या संघाने डलास येथे अजिंक्यपद मिळवले. ‘रोमचे पाइन वृक्ष’ या १९२४ च्या रचनेच्या अखेरच्या भागात आपिया मार्गावरून पहाटेच्या धुक्यात दुरून येणारे रोमन सैन्य चितारलेले आहे. पावलांचा नाद हळूहळू वाढत जातो आणि शेवटी सूर्योदयाबरोबर विजयी सेना नगरात शिरते. मैदानावर पुढे येणाऱ्या पथकासाठी याहून योग्य संगीत मिळणे कठीण. एका भव्य क्रूसाकृतीतून दुसरी क्रूसाकृती साकारणारी त्या प्रयोगातील संरचना आजही आदर्श मानली जाते.

१९९३ मध्ये याच संघाने सॅम्युअल बार्बर यांची मीडियाविषयक रचना आणि बेला बार्टोक यांचे संगीत निवडले. मीडिया ही ग्रीक पुराणातील आपल्या अपत्यांचा वध करणारी स्त्री. बार्बर यांच्या रचनेचा उत्तरार्ध हे तिचे सूडनृत्य आहे. संगीत कर्कश आणि खंडित आहे. त्यात गुणगुणता येईल अशी सुरावट जवळजवळ नाही. संचलनाला शरीराच्या कोनदार हालचालींची जोड दिलेली होती. प्रेक्षकांत दुफळी पडली. काहींनी उघड नापसंती व्यक्त केली. अंतिम फेरीत या संघाला ९७.३ गुण मिळाले आणि ९७.४ गुण मिळवणारा कॅडेट्स हा संघ विजेता ठरला. त्यानंतर स्टार ऑफ इंडियानाने स्पर्धेचे क्षेत्रच सोडले. त्याच्या पुढील वाटचालीतून ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग जन्मला. तो १९९९ मध्ये लंडनला आणि २००१ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्याला विशेष नाट्यप्रयोगासाठीचे टोनी पारितोषिक मिळाले.

१९९३ चा प्रयोग आज अनेक अभ्यासक या कलेतील मैलाचा दगड मानतात. तेव्हाच्या प्रेक्षकाला तो समजला नाही, असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे. परंतु तो अपुरा आहे. त्या प्रयोगाच्या शेवटी उभे राहून जल्लोष करण्यात एक नैतिक अडचण होती. सूडनृत्याच्या अखेरीस जे उरते ते भय आहे. प्रेक्षक गप्प राहिला, तो कदाचित शेवट नीट ऐकल्यामुळेच. ज्या शेवटाला शांतता हाच योग्य प्रतिसाद आहे, तो शेवट टाळ्यांनी मोजणाऱ्या मैदानात आणला गेला, ही या प्रयोगाची शोकांतिका होती. अपयश कोणा एकाचे नव्हते. प्रयोग आणि प्रसंग यांचा सांधा जुळला नाही.

इ) फँटम रेजिमेंट, २००८. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील फँटम रेजिमेंटने २००८ मध्ये ‘स्पार्टाकस’ हा प्रयोग सादर केला. ब्लूमिंग्टन येथील अंतिम फेरीत ९८.१२५ गुण मिळवून त्याने ब्लू डेव्हिल्स या बलाढ्य संघावर अवघ्या ०.०२५ गुणाने मात केली. परीक्षक आणि प्रेक्षक यांचा कौल एकत्र आल्याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रयोगाचे संगीत मुख्यतः आराम खाचातुरियान यांच्या त्याच नावाच्या बॅलेमधील होते. कथा इसवी सन पूर्व ७३ ते ७१ या काळातील गुलामांच्या बंडाची. शेवटाकडे मात्र रचनाकारांनी बॅलेच्या बाहेरचा एक संदर्भ आणला. १९६० च्या स्टॅन्ली कुब्रिक यांच्या चित्रपटात पराभूत गुलामांना आपला नेता ओळखून देण्यास सांगितले जाते आणि एकामागून एक गुलाम उभा राहून स्पार्टाकस आपणच असल्याचे सांगतो. फँटम रेजिमेंटच्या मैदानावरही वादकांतून एकेक आवाज उठतो आणि तेच जाहीर करतो.

या शेवटाची परिणामकारकता तीन पातळ्यांवर स्पष्ट करता येते. पहिली पातळी ओळखीची आहे. चित्रपटातील प्रसंग बहुसंख्य अमेरिकन प्रेक्षकांना ठाऊक असल्याने पहिला आवाज उठताच पुढे काय होणार हे त्यांना कळते. मॅडिसनच्या उतरत्या स्वरसंघांप्रमाणे येथेही प्रेक्षक रचनेच्या एक पाऊल पुढे असतो.

दुसरी पातळी माध्यमाची आहे. ड्रम कोअरमध्ये व्यक्तीला चेहरा नसतो. एकसारखा गणवेश, एकसारखे पाऊल आणि एकसारखा स्वर हीच या कलेची शिस्त आहे. आठ पावलांत पाच यार्ड हे मूलभूत अंतर प्रत्येकाने सारखेच कापायचे असते. अशा दीडशे जणांतून एकेक मानवी आवाज उठतो आणि प्रत्येक आवाज तेच एक नाव सांगतो, तेव्हा कथेतील गुलामांचे ऐक्य आणि पथकाचे ऐक्य एकरूप होतात. येथे माध्यम स्वतःच्या स्वभावाविषयी बोलू लागते. हा शेवट नाट्यगृहात केला असता तर तो चित्रपटाची नक्कल ठरला असता. मैदानावर मात्र तो अपरिहार्य वाटतो.

तिसरी पातळी करुणाची आहे. स्पार्टाकसचे बंड फसले. सुमारे सहा हजार बंडखोरांना आपिया मार्गाच्या कडेने क्रूसावर चढवण्यात आले, असे प्राचीन इतिहासकार आपियन नोंदवतो. १९९१ मध्ये ज्या मार्गावरून स्टार ऑफ इंडियानाने विजयी सैन्य आणले, तोच हा मार्ग. एका शेवटात प्रेक्षक विजेत्यांसाठी उभा राहिला, दुसऱ्यात पराभूतांसाठी. लोकप्रिय शेवट सुखान्तच असावा लागतो, हा समज या उदाहरणाने मोडीत निघतो. प्रेक्षक सुखासाठी उठत नाही. प्रयोगाने त्याला ज्या ठिकाणी आणून सोडले आहे तेथे बसून राहणे अशक्य होते, म्हणून तो उठतो.

याच्याशी आणखी एक वास्तव जोडलेले आहे. या स्पर्धेला वयोमर्यादा असते आणि दरवर्षी प्रत्येक संघातील काही सदस्यांचा तो शेवटचा हंगाम असतो. अंतिम फेरीच्या रात्रीचा अखेरचा स्वर हा त्यांच्या या आयुष्याचाही अखेरचा स्वर असतो. जाणत्या प्रेक्षकाला हे माहीत असते. त्यामुळे शेवटच्या टाळ्या केवळ कलाकृतीला नसून एका निरोपालाही असतात. रचनाकाराने हा निरोप नाकारणे कठीण, आणि त्याचे भांडवल करणे अनुचित. फँटम रेजिमेंटच्या शेवटाने तो आपल्या कथेतच सामावून घेतला, हे त्याचे वेगळेपण.

६. रंजन आणि अनुनय

वरील उदाहरणांच्या आधारे लोकरंजन आणि लोकानुनय यांत भेद करता येतो. अनुनयात प्रेक्षकाच्या पूर्वीच्याच सवयीला साद घातली जाते. त्या आवाहनाचा चालू प्रयोगाशी संबंध नसला तरी चालते. संगीत नाटकाच्या उत्तरकाळात लोकप्रिय पदासाठी नाट्यप्रसंग थांबवून घेतले जाणारे वन्समोर हे त्याचे परिचित उदाहरण. रंजनात प्रेक्षकाची अपेक्षा प्रयोगानेच निर्माण केलेली असते आणि शेवट ती पूर्ण करतो. पहिल्या प्रकारात टाळी उसनी असते, दुसऱ्यात ती कमावलेली असते.

ही कसोटी व्यवहारात लावणे अवघड नाही. शेवटचे एक मिनिट मूळ प्रयोगातून काढून दुसऱ्या प्रयोगाला जोडावे आणि तेथेही ते तितकेच परिणामकारक ठरते काय, असे विचारावे. उंचावलेली पट्टी, पुढे सरकणारी रेषा, नवे ध्वज आणि विराम ही अंगे कोठेही चिकटवता येतात. स्पार्टाकसचे नाव सांगणारे आवाज मात्र अन्यत्र नेता येत नाहीत. जो शेवट हलवता येत नाही, तो त्या कलाकृतीचा.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फँटम रेजिमेंटने चित्रपटाचा प्रसिद्ध प्रसंग वापरला, हाही एक प्रकारचा अनुनयच. या आक्षेपात तथ्य आहे. ओळखीच्या प्रसंगाची ऊब उसनी आहे, हे नाकारता येत नाही. परंतु उसने घेतलेले द्रव्य माध्यमाच्या स्वभावात विरघळले आहे काय, हा निर्णायक प्रश्न होय. आपल्याकडील कीर्तनकार उत्तररंगात श्रोत्यांना ठाऊक असलेलेच आख्यान लावतो. पूर्वरंगातील निरूपणाशी ते जुळले तरच श्रोता हेलावतो. आख्यान ओळखीचे आहे म्हणून कीर्तनाला कोणी अनुनय म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेवट हा अपेक्षेची परतफेड मानला, तर १९९३ च्या स्टार ऑफ इंडियानासारखे परतफेड नाकारणारे प्रयोग कनिष्ठ ठरतात काय? तसे मानण्याचे कारण नाही. त्या प्रयोगानेही आपले बीज प्रामाणिकपणे फळाला नेले होते. फळ कडू होते इतकेच. तेव्हा टाळ्या हे चांगल्या शेवटाचे एकमेव प्रमाण नाही आणि टाळ्या पडणे हा शेवटाच्या वाईटपणाचा पुरावाही नाही. समीक्षेने यांपैकी पहिली गोष्ट नेहमीच सांगितली. दुसरी सांगण्यास ती बहुधा कचरली.

७. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) ड्रम कोअरमधील शेवट निर्गमनाकडून सामोरे येण्याकडे सरकला आणि त्यामुळे प्रेक्षकाचा प्रतिसाद रचनेचा घटक झाला.

२) परत येणारी सुरावट, सामोरा ध्वनी, विराम, रंगबदल आणि आटोपशीर आकृती ही शेवटाची अंगे आवश्यक असली तरी पुरेशी नाहीत.

३) परिणामकारक शेवटात प्रेक्षक हिशेब मांडणारा सहभागी असतो. त्याला मिळणारा आनंद अपेक्षापूर्तीचा असतो आणि ती अपेक्षा प्रयोगानेच जागवलेली असावी लागते.

४) लोकप्रिय शेवट सुखान्त असणे अनिवार्य नाही. पराभवाच्या कथेलाही प्रेक्षक उभा राहून दाद देतो.

५) रंजन आणि अनुनय यांतील सीमारेषा टाळ्यांच्या प्रमाणावर ठरत नाही. शेवटाचे प्रयोगाशी असलेले अविभाज्य नाते ती ठरवते.

या निष्कर्षांचे औचित्य अमेरिकेतील एका कलाप्रकारापुरते सीमित नाही. विद्यापीठीय युवक महोत्सवांत मूकनाट्य, प्रहसन, लोकनृत्य आणि समूहगीत यांचे परीक्षण महाविद्यालयीन अध्यापकच करतात. राष्ट्रध्वज फडकवून किंवा प्रसिद्ध घोषणा देऊन टाळ्या घेणारे शेवट त्यांच्यापुढे दरवर्षी येतात. कधी त्या टाळ्यांच्या दडपणाखाली गुण दिले जातात, तर कधी टाळ्या पडल्या याच कारणासाठी ते कापले जातात. दोन्ही पद्धतींत विद्यार्थ्याने बांधलेल्या प्रयोगाकडे दुर्लक्ष होते. तो ध्वज त्या प्रयोगाने कमावला आहे काय, एवढा एकच प्रश्न परीक्षकाने स्वतःला विचारला, तर गुणपत्रिकेवरील आकडा अधिक न्याय्य होईल. मंचावरून उतरणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपल्या शेवटात नेमके काय उणे होते, हे सांगता येईल.